लहान विमानाच्या कॉकपिटमध्ये अग्निशामक, हातोडी आणि पट्टा कापायची सुरी कुठे असावी?

माळवा_उड्डाण (इंदूर) यांचा प्रश्न:

नमस्कार. मी इंदूरला सेसना १७२ वर वैमानिक प्रशिक्षण घेत आहे. आमच्या विमानात अग्निशामक पुढच्या दोन आसनांच्या मध्ये जमिनीवर बसवलेला आहे, प्रथमोपचार पेटी मागे सामानाच्या कप्प्यात आहे, आणि बाकीचे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. माझा एक सहविद्यार्थी मोटारीत वापरतात तशी काच फोडायची हातोडी, जिच्या दुसऱ्या टोकाला पट्टा कापायचे पाते असते, बॅगेत घालून मागच्या आसनावर ठेवतो. सिमरोलचा घाट ओलांडून नर्मदेपलीकडे निमाडावर जाताना खाली उतरण्याजोगी जागा कमी दिसते, तेव्हा हा विचार डोके वर काढतो. कोणती वस्तू कुठे असावी हे ठरवण्याचा निकष काय? आणि ती हातोडी अग्निशामकाशेजारी वेल्क्रोने चिकटवली तर चालेल का?

पाना_पक्कड (बडोदे) यांचे उत्तर:

वेल्क्रो मुळीच नको. अमेरिकेच्या भाग २३ या प्रमाणन-नियमांत, ज्यांच्यावर या वर्गातली अनेक विमाने बेतलेली आहेत, केबिनमधल्या ज्या जड वस्तू माणसाला लागू शकतात त्यांच्यासाठी पुढच्या दिशेने १८ जी, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या अठरा पट, इतका भार धरलेला होता. म्हणजे अर्ध्या किलोची हातोडी त्या क्षणी नऊ किलोच्या जोराने सुटू पाहते, आणि मागच्या आसनावरच्या बॅगेतून सुटली तर ती थेट तुमच्या डोक्याच्या दिशेने येते. अपघात न होताही धोका आहेच: नुसत्या हेलकाव्याने घरंगळलेली वस्तू रडर पेडलखाली, म्हणजे विमानाची दिशा सांभाळायच्या पायातल्या पेडलखाली, अडकली तर पेडल दाबले जात नाही. पोलादी वस्तू चुंबकीय कंपासजवळ ठेवण्याचा मोहही टाळावा. दिशेत काही अंशांचा फरक पडतो आणि तो लवकर लक्षात येत नाही.

उजवे_आसन (इंदूर) यांचे उत्तर:

मी प्रशिक्षक आहे, म्हणून निकषाबद्दल लिहितो. जागा मोकळी आहे म्हणून तिथे वस्तू ठेवायची नसते. खांद्याचे पट्टे घट्ट आवळलेले असताना हात जिथे पोहोचतो तिथेच ती ठेवायची असते. आसन उड्डाणाच्या स्थितीत आणून, पट्टे आवळून, डोळे मिटून प्रत्येक वस्तू आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने काढून पाहा. या परीक्षेत बहुतेकांची सुरी नापास होते, कारण ती दाराच्या खिशात असते आणि उजव्या हाताला सापडत नाही. सुरी छातीच्या उंचीवर, खांद्याच्या पट्ट्यालाच म्यानात अडकवलेली बरी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पावसानंतर माळव्याच्या काळ्या मातीत उतरावे लागले तर पुढचे चाक रुतून विमान पालथे होऊ शकते. मग तुम्ही उलटे लोंबकळत असता आणि कॉकपिटच्या तळाला बसवलेली वस्तू डोक्यावर असते. अशा वेळी एक हात छताला टेकवल्याशिवाय पट्टा सोडू नये, नाहीतर मानेवर आपटाल. म्हणजेच सुरी एका हाताने चालवता आली पाहिजे.

हातोडीपेक्षा दार महत्त्वाचे. सक्तीने उतरताना जमीन लागण्यापूर्वी दारांच्या कड्या सोडा, असे सेसनाच्या पुस्तिकेतच आहे. सांगाडा वाकला तर बंद दार जागच्या जागी अडकते. आणि मोटारीची ती टोकदार स्प्रिंगची हातोडी इथे निरुपयोगी आहे. ती कडक केलेल्या काचेसाठी बनवलेली असते, विमानाच्या खिडक्या अॅक्रिलिक या प्लास्टिकच्या असतात. त्यांना वजनदार हातोडीचे कोपऱ्याजवळ घाव घालावे लागतात. सिरसच्या विमानांत अशी हातोडी मधल्या हातटेकणाच्या झाकणाखाली दिलेली असते, ही जागा मला फार योग्य वाटते.

गोपाचल (ग्वाल्हेर) यांचे उत्तर:

दोनच गोष्टी जोडतो. अग्निशामक हॅलॉन वायूचा आहे की कोरड्या पावडरचा, हे पाहा. पावडर बंद कॉकपिटमध्ये उडाली की समोरचे काही दिसत नाही, शिवाय ती अॅल्युमिनियम आणि उपकरणे खाते. हॅलॉन वापरल्यावर मात्र हवेचे झरोके उघडायला विसरू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाचे कॉकपिट किती तापते ते आपण जाणतोच. सिलिंडरवर लिहिलेली तापमानमर्यादा वाचून घ्या.

दुसरे, विमानातल्या ईएलटीच्या, म्हणजे अपघातानंतर संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्रणेच्या, भरवशावर राहू नका, धडकेत तिची अँटेना तुटू शकते. ४०६ मेगाहर्ट्झची पीएलबी, म्हणजे तसाच संदेश पाठवणारे वैयक्तिक छोटे उपकरण, घेतलीत तर ती बॅगेत नव्हे, अंगावर असावी, आणि इस्रोकडे तिची नोंदणी केलेली असावी. पाण्यावरून जाताना लाइफ जॅकेटही अंगावरच, पण बाहेर पडेपर्यंत फुगवू नये. आत फुगवले तर दारातून निघता येत नाही.

माळवा_उड्डाण:

आभारी आहे. सुरी पट्ट्याला लावतो. हातोडीसाठी आसनाच्या बाजूला पत्र्याचे ब्रॅकेट करून घेतले तर?

पाना_पक्कड:

स्वतः भोक पाडू नका. तो विमानातला फेरबदल ठरतो. परवानाधारक देखभाल अभियंत्याकडून, मान्य आराखड्याप्रमाणे करून घ्या आणि लॉगबुकात नोंद घ्या. बसवल्यावर आसन पूर्ण पुढे-मागे सरकवून आणि योक, म्हणजे विमान चालवायचे हातातले चाक, दोन्ही टोकांपर्यंत फिरवून काही अडत नाही ना, हे त्यांच्यासमोरच तपासा.