माशी तगली म्हणजे मेंदू शाबूत?
प्रौढ फळमाशी माणसाच्या शेकडो पट किरणोत्सर्ग सोसते, मग अंतराळातल्या जड कणांनी (लोहासारख्या मूलद्रव्यांच्या वेगवान केंद्रकांनी) तिच्या मेंदूचं काय बिघडणार, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. प्रौढपणी तिच्या बहुतेक पेशींचं विभाजन थांबलेलं असतं, म्हणून ती तगते. मेंदूतल्या चेतापेशींना इजा होत नाही असा त्याचा अर्थ नाही. लोहाच्या केंद्रकाचा विद्युतभार २६, आणि वाटेत ऊर्जा सोडण्याचं प्रमाण या भाराच्या वर्गाच्या (२६ × २६) पटीत वाढतं: त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या सुमारे ६७६ पट! तीही एका बारीक रेषेत. म्हणून किरणोत्सर्गाच्या सरासरी मात्रेवर भागत नाही, कण कुठून गेला ते पाहावं लागतं. चंद्रावर गेलेल्या अपोलो १७ यानावरच्या बायोस्टॅक प्रयोगात कीटकांची अंडी कणांचा माग टिपणाऱ्या पापुद्र्यांमध्ये ठेवली होती, ती याचसाठी. मेंदू शाबूत आहे का हे कळायला मात्र माशी नळीत वर चढते का, वास लक्षात ठेवते का, हे तपासायलाच हवं.