गूळही तितकाच चिकटतो

पोरांचे दात किडू नयेत म्हणून जिलबीऐवजी गूळ चालेल का, असं एकाने विचारलंय. नाही हो! गुळातही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखर. १९२४ साली क्लार्क यांनी शोधलेला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू ग्लुकोसिलट्रान्सफरेज या विकराने (एन्झाइमने) सुक्रोजपासून ग्लुकन नावाचा चिकट डिंक बनवतो. त्याच डिंकात जंतू दाताला घट्ट धरून बसतात, त्यांनी साखरेपासून बनवलेलं आम्ल तिथेच साठतं. पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, विरघळू लागतं. परवा भाचीच्या दाढेमागून नखाने खरवडलं तर पांढरट लगदा निघाला, चुळा भरूनही न गेलेला. हे विकरच बंद पाडायचं संशोधन मला फार मोलाचं वाटतं, कारण सरसकट जंतू न मारल्याने तोंडातले उपयोगी जंतू वाचतात. तोवर आपल्या इंदुरात सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून, कितीही उशिरा परतलात तरी पोरांना फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करूनच झोपवा.