क्रोन्स-कोलायटिससाठी काको-२ पुरेल का, की ऑर्गनॉइडच हवेत?

मृण्मयी_लॅब: क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याला सूज येणाऱ्या आजारांमध्ये आतड्याचा बॅरिअर (आतून अडथळा करणारा पेशींचा थर) लीक का होतो यावर काम सुरू करतेय. गाईड म्हणतात काको-२ घे, भरपूर काम झालंय त्यावर, पण ती तर कॅन्सरची सेल लाइन ना, मग त्यात दिसलेलं पेशंटला कितपत लागू पडणार? ऑर्गनॉइड (स्टेम सेलपासून वाढवलेले आतड्याचे छोटे त्रिमितीय गोळे) करायचे तर ग्रोथ फॅक्टरचाच खर्च केवढा. दोन्ही केलेलं कुणी आहे का इथे?

पेशीवाला: काको-२ ला लगेच मोडीत काढू नका. आलीय मोठ्या आतड्याच्या ट्यूमरमधून, पण ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्याचा इन्सर्ट, म्हणजे छोटा कप) थर भरला की साधारण २१ दिवसांत लहान आतड्याच्या पेशींसारखी वागायला लागते, मायक्रोव्हिलाय (पेशीवरचे बारीक केसांसारखे उंचवटे) येतात, टाइट जंक्शन (पेशींमधल्या फटी बंद करणारे जोड) बसतात. आधी इंटरफेरॉन-गॅमा आणि मग खालच्या बाजूने टीएनएफ-अल्फा ही सूज वाढवणारी सायटोकाइन दिली की टीईईआर (थराचा विद्युत रोध, कमी म्हणजे लीक जास्त) पडतो, लीकेजचा प्रश्न असेल तर यापेक्षा सरळ मॉडेल नाही. म्युकस मात्र जवळपास नाहीच, त्यासाठी एचटी२९-एमटीएक्स ही म्युकस बनवणारी सेल लाइन मिसळतात. आणि टीईईआर मोजताना रिकाम्या इन्सर्टचं रीडिंग वजा करून क्षेत्रफळाने गुणायचं, प्लेट आधी रूम टेंपरेचरला स्थिर होऊ द्या नाहीतर आकडे नाचतात.

क्रिप्ट_ते_व्हिलस: वरचं सगळं बरोबर, पण काको-२ म्हणजे एकाच माणसाच्या पेशी, पेशंट-पेशंटमधला फरक त्यात दिसणारच नाही आणि मला तरी या आजारात तोच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये एलजीआर५ (आतड्याच्या स्टेम सेलची खूण असलेलं प्रथिन) असलेल्या स्टेम सेलपासून उंदराचे ऑर्गनॉइड झाले, २०११ पर्यंत माणसाचेही, आता बायोप्सीतून क्रिप्ट (स्टेम सेल असलेले आतड्याच्या अस्तरातले खड्डे) काढून मॅट्रिजेल या जेलमध्ये वाढवता येतात, म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशीसुद्धा मिळतात. अडचण ही की एपिकल बाजू (आतड्याच्या पोकळीकडची) गोळ्याच्या आत असते, म्हणून बॅरिअर मोजायला ते फोडून ट्रान्सवेलवर सपाट थर करावा लागतो.

मृण्मयी_लॅब: म्हणजे आधी काको-२ वर सायटोकाइनचा डोस आणि वेळ बसवायची आणि मग मोजक्या पेशंटच्या ऑर्गनॉइडवर तपासायचं, असं चालेल?

क्रिप्ट_ते_व्हिलस: चालेल की, मीही तेच सांगितलं असतं, फक्त तोच डोस जसाच्या तसा लागू पडेल असं धरू नका, ऑर्गनॉइडवर परत बसवा. कंट्रोल बायोप्सी आतड्याच्या त्याच भागातली घ्या, इलियमचे (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे) ऑर्गनॉइड कल्चरमध्येही इलियमसारखेच राहतात, कोलनशी (मोठ्या आतड्याशी) तुलना केलीत तर आजाराचा फरक कुठला आणि जागेचा कुठला हे कळणार नाही. आणि इम्यून पेशी दोन्हींत नाहीत, त्या हव्या असतील तर मॅक्रोफेज (एक प्रकारच्या इम्यून पेशी) ट्रान्सवेलच्या खालच्या कप्प्यात वाढवायचे.