‘मार्क कमी पडले? आयटीआयला टाका’ म्हणणाऱ्यांसाठी

वाइंडिंगवाला_यावल: काल कोणीतरी पोस्ट टाकली, दहावीला मार्क कमी पडले तर पोराला आयटीआयला टाका, हाताला काम आलं की महिना पन्नास हजार कुठे गेले नाहीत. लोकांनी पटापट अंगठे दिले. भो, यातल्या कितींनी जळालेली मोटर उघडून पाहिलीय? माझं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान आहे, केळीचा पट्टा, उन्हाळ्यात बोअरच्या सबमर्सिबल मोटरींची रांग लागते. कमाई आहे, नाही म्हणत नाही. पण नवीन पोरगा आला की मी स्टार जोडणीची मोटर पुढ्यात ठेवतो, दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आणि तिसरी कोरी, अन् विचारतो कशाने जळाली. निम्मे म्हणतात लोड जास्त झाला. अरे तीनपैकी एका फेजची वीज गेली होती, सगळा भार उरलेल्या दोनवर आला! याला डोकं लागतं, इथे ढ पोरगं चालतं हे ठरवलं कोणी? आणि पहिली दोन-तीन वर्षं उस्तादाकडे चहापाण्यावर काढायची, तोवर घर कोण चालवणार ते पोस्टवाल्याने लिहिलंच नाही.

मेकॅनिकल_धुळे: दादा, आम्ही चार वर्षं फी भरून काय शिकलो? बापाने कर्ज काढलं आणि मी कॉन्ट्रॅक्टवर. वर्गातला एक जण वर्षभराचा वेल्डर ट्रेड करून ग्रील-शटरच्या दुकानात बसला, आता तोच मला विचारतो काही काम पाहिजे का.

भुसावळ_रिटायर्ड: अप्रेंटिस करा, रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा आहेत की त्यांना.

मेकॅनिकल_धुळे: काका, भरती निघाली तर ना.

अमळनेरची_ताई: कारागिरांचं कौतुक झालं असेल तर एक सांगा, सांगितलेल्या दिवशी तुमच्यातला एक तरी येतो का? आमच्याकडे प्लंबर आला, ॲडव्हान्स घेतला, बाथरूमची भिंत फोडली आणि गायब. सासूबाई अंघोळीला शेजारी. फोन केला की ‘ताई रस्त्यातच आहे’. कुठला रस्ता, काशीहून येतोय का पायी?

वाइंडिंगवाला_यावल: तीन ठिकाणी पैसे अडकतात म्हणून माणूस चौथं काम धरतो ताई. सराफाची मजुरी मुकाट देता, आमच्याशी दोनशेसाठी घासाघीस.

अमळनेरची_ताई: पूर्ण ॲडव्हान्स दिला होता म्हटलं. वाचता येतं ना?

रावेरचा_शेतकरी: ताईंचं खरंय. भर मे महिन्यात माझी मोटर दुकानात पडून, बाग डोळ्यादेखत वाळली. वर तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियम भरणारे पण आहेत.

वाइंडिंगवाला_यावल: माझ्याकडे ये, तार खरवडून बघ, पांढरी निघाली तर मोटर फुकट. चोर दुसरे आणि शिव्या मला! कारागिरांसाठीच्या २०२३च्या विश्वकर्मा योजनेत १८ धंदे घेतले, सुतार, सोनार, शिंपी, न्हावी सगळे आहेत. वाइंडिंगवाला नाही. सरकारला पण आम्ही दिसत नाही.

भुसावळ_रिटायर्ड: मूळ विषय काय होता?

मेकॅनिकल_धुळे: काका, ताईंचं बाथरूम.

वाइंडिंगवाला_यावल: बरं ताई, जगातले सगळे प्लंबर लबाड, तुमचंच खरं. आता तुमच्या घरातलं एक पोरगं धाडा शिकायला, वेळेवर येणारं. मी स्वतः शिकवतो, पगार पण देतो.

अमळनेरची_ताई: माझा मुलगा नीटची तयारी करतोय.