मदत हवी आहे: एनसीव्ही-ईएमजी करावी की सरळ एमआरआय? (नाशिक)

सटाणेकर: बाबांचा हात बधिर होतो. डॉक्टरांनी एनसीव्ही-ईएमजी (नसांची आणि स्नायूंची तपासणी) लिहून दिलीय, परवाची वेळ आहे. करंट देतात, सुया टोचतात असं कुणीतरी सांगितल्यापासून बाबा अडून बसलेत. त्याऐवजी एमआरआय चालेल का? लवकर सांगा.

निशिगंध: कोणता हात? कोणती बोटं? वय, शुगर? काहीच लिहिलं नाहीत.

पंचवटीकर: आधी बी-१२ तपासा. मला इंजेक्शनांनीच फरक पडला. या टेस्टा म्हणजे नुसता खर्च.

निशिगंध: बी-१२ ची सुरुवात बहुधा पायांपासून होते, तीही दोन्हीकडे. इथे एकच हात आहे.

सटाणेकर: उजवा. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. रात्री उठून हात झटकतात. वय ६४, शुगर नाही. टेस्ट करू की नको, एवढंच विचारलंय!

सुईदोरा: या टेस्टच्याच विभागात काम करतो. लक्षणं मनगटात मीडियन नस (अंगठा आणि शेजारच्या बोटांकडे जाणारी) दबल्यासारखी वाटतात. करंगळी असती तर कोपराकडे बघितलं असतं. पण नस मानेतही दबू शकते, म्हणून टेस्ट. एनसीव्हीत कातडीवर पट्ट्या चिकटवून बारीक झटका देतात आणि नसेतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजतात. हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटरच्या वर असतो. मनगटापाशीच रेंगाळला तर जागा सापडली. एमआरआयमध्ये या वयात मानेची झीज दिसतेच, मग उगाच मानेमागे लागाल.

पंचवटीकर: माझ्या मेव्हण्याची नॉर्मल आली, आग मात्र तशीच.

सुईदोरा: अगदी बारीक नसांचा बिघाड यात दिसत नाही. तो दोष टेस्टचा नाही.

पिंपळगावचा_बागाईतदार: बाबा छाटणीची कात्री चालवतात का? बॅटरीवाली घ्या.

सटाणेकर: बाग आहे, पण कात्रीचं नंतर बघू. स्टेंटमुळे रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बंद करू का?

सुईदोरा: हे आत्ता सांगताय! स्वतःहून अजिबात बंद करू नका, सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. पेसमेकर असेल तर तेही. हाताला तेल-क्रीम नको. सकाळी गाडीवर गारठत आणू नका, हात गार असला की वेग कमी दिसतो.

सटाणेकर: बाबा म्हणतात सुई चालेल, करंट नको.

सुईदोरा: उलटं आहे. मनगटाचं निदान करंटमध्येच (एनसीव्ही) होतं, सुई (ईएमजी) लागेलच असं नाही.

निशिगंध: बागाईतदार, ती बॅटरी दिवसभर पुरते का हो?