तुवालूचं चलन : नोटा परक्या, नाणी घरची
तुवालू या पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटराष्ट्राला स्वतःचं चलन आहे की नाही, यावर वाद रंगतो : एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. नोटा ऑस्ट्रेलियन डॉलरच्याच चालतात. नाणी मात्र १९७६ पासून स्वतःची, ऑस्ट्रेलियन नाण्यांच्याच किमतीची. पन्नास सेंटवर ऑक्टोपस, वीस सेंटवर उडणारा मासा, डॉलरवर समुद्री कासव (आपल्या नाण्यांपेक्षा देखणी, हे मान्य करायलाच हवं). देशाला मध्यवर्ती बँकच नाही, त्यामुळे नोटा छापून तूट भरायची सोयही नाही. जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीला हेच बरं, असं माझं मत. सरकारची मदार मासेमारी परवान्यांचं शुल्क, '.टीव्ही' डोमेनचं (वेबपत्त्याच्या शेवटी येणाऱ्या, तुवालूच्या वाट्याला आलेल्या अक्षरांचं) उत्पन्न आणि १९८७ मध्ये उभारलेल्या तुवालू ट्रस्ट फंड या गुंतवणूक निधीवर आहे.