एक्स्टर्नल डिस्कवरच्या फायलींची यादी काढताना जावा प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो

गिरगावकर_ताई
नमस्कार. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासात जातेय, दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत. मंडळाच्या गणपतीचे पस्तीस वर्षांचे फोटो चाळीतल्या एका काकांनी एका हार्ड डिस्कवर जमवून ठेवलेत. सगळे पांगायच्या आत कुठल्या वर्षाचं काय आहे याची यादी मला हवीय, म्हणजे जे नाही ते कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेतून मागून घेता येईल.

प्रोग्रॅम साधा आहे. लिस्टफाइल्स() ने फोल्डर वाचायचं, आत फोल्डर सापडलं की तेच फंक्शन पुन्हा. डेस्कटॉपवरच्या फोल्डरवर छान चालतो. ई ड्राइव्ह (ती हार्ड डिस्क) दिला की काहीशे नावं छापतो आणि नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर, दर वेळी फॉर लूपच्या त्याच ओळीवर. अ‍ॅरेची (म्हणजे फायलींच्या यादीची) लांबी वाचता येत नाही, कारण तो नल (म्हणजे काहीच नाही) आहे, असं म्हणतो. केबल बदलली, पोर्ट बदलला, फरक नाही. विंडोज १०, जावा १७. डिस्क खराब होत असेल का? दुसरी प्रत कुणाकडेच नाही.

मुलुंडचा_कोडवाला
ताई, यावरून तरी डिस्क खराब वाटत नाही. लिस्टफाइल्स() रिकाम्या फोल्डरला रिकामा अ‍ॅरे देतं, पण फोल्डर उघडताच आलं नाही तर थेट नल देतं. विंडोज ड्राइव्हच्या मुळाशी ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचं लपलेलं फोल्डर ठेवतं, त्यात आपल्याला प्रवेश नसतो. ‘हे फोल्डर आहे का’ ते तपासणारं इझडिरेक्टरी() मात्र त्याला हो म्हणतं, म्हणून तुमचं फंक्शन आत शिरतं. डेस्कटॉपवर ते नाही, म्हणून तिथे चालतं. लूपच्या आधी नल तपासा आणि रिटर्न करा, झालं.

पार्लेकर_काका
निदान बरोबर आहे, पण गुपचूप रिटर्न करू नका. काय हरवलंय ते शोधायलाच तुम्ही यादी करताय. न उघडलेलं फोल्डर न सांगता गाळलं तर यादी पुरी दिसेल आणि त्यातलं एखादं वर्ष कायमचं जाईल.

लिस्टफाइल्स() नल देतं, कारण सांगत नाही. त्याऐवजी फाइल्स.वॉकफाइलट्री घ्या, जावा ७ पासून आहे. त्यात काही उघडलं नाही की चालणारी व्हिजिटफाइलफेल्ड ही मेथड स्वतः लिहा: पाथ आणि एक्सेप्शन वेगळ्या फायलीत नोंदवा आणि कंटिन्यू परत करा. ती लिहिली नाही तर सिंपलफाइलव्हिजिटर तेच एक्सेप्शन पुन्हा फेकतो. फाइल्स.वॉक दिसायला सुटसुटीत आहे, पण पहिल्याच बंद फोल्डरपाशी अख्खी स्ट्रीम थांबते. इथे नको.

गिरगावकर_ताई
काका, तुमचं ऐकलं ते फार बरं झालं. न उघडलेल्यांत दोन नोंदी आल्या. एक ते सिस्टिमवालं. दुसरी म्हणजे सहा प्रश्नचिन्हं आणि पुढे २००५, कारण अ‍ॅक्सेसडिनाइडएक्सेप्शन, म्हणजे प्रवेश नाही. एक्सप्लोररमध्ये पाहिलं तर ‘महापूर २००५’! २६ जुलैनंतर त्या सप्टेंबरात आम्ही पुराचा देखावा केला होता. नुसतं रिटर्न केलं असतं तर हे मला कळलंच नसतं. आता ते उघडायचं कसं? आणि प्रश्नचिन्हं का?

पार्लेकर_काका
त्या फोल्डरवर जुन्या कॉम्प्युटरच्या खात्याच्या परवानग्या राहिल्या असणार. एनटीएफएस (विंडोजची फायली साठवायची पद्धत) डिस्कवर त्या फोल्डरसोबतच राहतात आणि तुमचा लॅपटॉप त्या खात्याला ओळखत नाही. अ‍ॅडमिन खात्यातून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन मालक बदला आणि स्वतःला वाचायची परवानगी द्या. फक्त त्याच फोल्डरचा. सिस्टिमवाल्याला हात लावू नका.

प्रश्नचिन्हं बहुधा नोंदी फायलीत लिहिणाऱ्या फाइलरायटरमुळे. जावा १७ मध्ये तो विंडोजचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरतो, त्यात देवनागरी नसेल तर प्रत्येक अक्षर-चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. म-ह-काना-प-ऊकार-र, मोजा, सहा. २०२२ च्या जावा १८ पासून देवनागरीही बसणारं यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट आहे. तोवर फाइल्स.न्यूबफर्डरायटर वापरा.

आणि आधी डिस्कची दुसरी प्रत करा, मगच परवानग्या बदला.

गिरगावकर_ताई
प्रत केली, मग मालक बदलला. आत ६४ फोटो. थर्माकोलची डबलडेकर, खिडक्यांपर्यंत निळा जिलेटिन कागद, आणि तिच्या टपावर बाप्पा. कागद चिकटवताना माझी आई पाठमोरी दिसतेय, बोटाला फेव्हिकॉल. रात्री साडेदहाला हार्ड डिस्कवाल्या काकांचं दार वाजवून दाखवले.

यादी आता मराठीत नीट येतेय. १९९७ चं एकही फोल्डर नाही. उद्यापासून ट्रंका.